आलास, बरं झालं!

मैत्रिणींनो, बारसं म्हटलं की पूर्वी पाळणा, घुगऱ्या आणि आत्याचा मान एवढंच डोळ्यांसमोर यायचं. आता त्याच्या कितीतरी आधी, अगदी सातव्या महिन्यापासूनच नावाचा शोध सुरू होतो. मोबाइलवर याद्या निघतात, घरच्या ग्रुपवर मतं मागवली जातात आणि प्रत्येक नावापुढे एकच प्रश्न येतो, "अर्थ काय?" शिवाय नाव दोन-तीन अक्षरी हवं, ओळखीत कुणाचं नसावं आणि जमल्यास जरा परदेशी वाटावं. आमच्या गल्लीत सध्या दोन कियारा आहेत. इटलीत हे नाव जुनं आहे, अर्थ उजळ, स्वच्छ. गल्लीतल्या एक आजी मात्र दोघींनाही ‘केरा’ अशी हाक मारतात, ते सोडा!

अर्थ विचारणं चांगलंच. पण मला नेहमी वाटतं की नावाचा अर्थ शब्दकोशात थोडा आणि नाव ठेवणाऱ्याच्या मनात जास्त असतो. आज मी एका अशा नावाबद्दल लिहिणार आहे जे आपल्यापैकी कुणीही आपल्या नातवाला ठेवणार नाही. नाव आहे बेनवेनुतो. इटलीतलं मुलाचं जुनं, परंपरेतलं नाव. (मुसोलिनीचं नाव बेनितो, ते वेगळं. ते मेक्सिकोच्या बेनितो हुआरेझ या पुढाऱ्यावरून त्याच्या वडिलांनी ठेवलेलं. दोघांचा घोळ नको.)

‘बेने’ म्हणजे चांगलं आणि ‘वेनुतो’ म्हणजे आलेला. चांगला आलेला, म्हणजे ज्याच्या येण्याने बरं वाटलं असा. आपल्याकडचा ‘स्वागत’ हा शब्द फोडून बघा. सु अधिक आगत. अगदी तीच बांधणी! आणि गंमत पुढेच आहे. ज्या लॅटिन धातूतून ‘वेनुतो’ आला तो आणि आपला संस्कृतातला ‘गम्’ हे दोन्ही एकाच जुन्या मुळातून फुटलेले धातू आहेत. म्हणजे लांबच्या नात्याने का होईना, बेनवेनुतो हा आपल्या ‘स्वागत’चा भाऊच लागतो. इटलीत आजही हा रोजच्या वापरातला शब्द आहे. पाहुणा दारात आला की म्हणायचा, गावाच्या वेशीवरच्या पाटीवर लिहायचा. आपल्याकडे लग्नाच्या कमानीवर ‘सुस्वागतम्’ लिहितात ना, तोच शब्द तिथे मुलाचं नाव म्हणून पाळण्यात जाऊन बसला.

मध्ययुगात इटलीत अशी शुभेच्छेची नावं पुष्कळ होती. दिओताल्लेवी, म्हणजे देव तुला वाढवो. दिओतिसाल्वी, म्हणजे देव तुला राखो. बोनाव्हेंतुरा, म्हणजे चांगलं नशीब. मुलं जगण्याचा भरवसा नव्हता तेव्हाची ही नावं आहेत, त्यांत आशीर्वाद कमी आणि आर्जव जास्त ऐकू येतं. दुसरीकडे अगदी रोखठोक नावंही होती. पहिला मुलगा तो प्रीमो, दुसरा तो सेकोंदो. नाझी छळछावणीतून जिवंत परतलेला लेखक प्रीमो लेव्ही तुम्हाला ठाऊक असेल, त्याच्या नावाचा अर्थ नुसता ‘पहिला’. बेनवेनुतो या नावाचे एक संतही होऊन गेले, ओझिमो गावचे बिशप. ते 1282 मध्ये वारले आणि 22 मार्च हा त्यांचा दिवस. इटलीत वाढदिवसासारखाच आपल्या नावाच्या संताचा दिवसही साजरा करायची पद्धत आहे, त्यामुळे बेनवेनुतो मंडळींना 22 मार्चला शुभेच्छा मिळतात. या नावावरून बेनवेनुती हे आडनावही झालं. 1960 च्या रोम ऑलिंपिकमध्ये मुष्टियुद्धाचं सुवर्णपदक घेणारे निनो बेनवेनुती त्याच आडनावाचे.

पण हे नाव जगभर गेलं ते एका सोनारामुळे. बेनवेनुतो चेल्लिनी. बी.ए.ला युरोपचा इतिहास असलेल्यांनी प्रबोधनकाळाच्या धड्यात हे नाव एखाद्या ओळीत वाचलं असेल. फ्लॉरेन्सचा हा सोनार आणि मूर्तिकार 1500 मध्ये जन्मला, 1571 मध्ये वारला. त्याने आत्मचरित्र लिहून ठेवलं, लिहिलं म्हणण्यापेक्षा सांगितलं. 1558 नंतर, हातातलं काम करता करता तो बोलायचा आणि चौदा-एक वर्षांचा एक पोरगा उतरवून घ्यायचा. ते छापून आलं 1728 मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर दीडशेहून जास्त वर्षांनी. त्याच्या सुरुवातीलाच हा पठ्ठ्या आपल्याला हे नाव कसं मिळालं ते सांगतो.

त्याआधी त्याच्या आईवडिलांच्या लग्नाची गोष्ट ऐकाच. वडील जोवान्नी, आई एलिझाबेत्ता. दोघांची घरं शेजारी शेजारी. जोवान्नीचं तिच्यावर प्रेम बसलं. मोठ्यांची बोलणी सुरू झाली आणि गाडी नेहमीच्या जागी अडली, हुंड्यावर. मुलाचा बाप म्हणाला, माझा मुलगा म्हणजे अख्ख्या फ्लॉरेन्समध्ये शोधून सापडणार नाही असा. मुलीचा बाप म्हणाला, खरंय, पण मला पाच मुली आहेत आणि तेवढेच मुलगे, हिशेब करतो तर याहून जास्त देणं होत नाही. पाचशेहून अधिक वर्षांपूर्वीचं हे बोलणं आपल्या कुठल्याही तालुक्याच्या गावातल्या बैठकीत आज जसंच्या तसं बसेल. फरक पुढे आहे. जोवान्नी आडून सगळं ऐकत होता. तो पुढे आला आणि बापाला म्हणाला की मला ही मुलगी हवी होती, तिचे पैसे नव्हेत. बायकोच्या हुंड्यावर घर भरणाऱ्याचं कधी भलं होत नाही. मी एवढा गुणाचा आहे म्हणता ना, मग बायकोला सांभाळायची माझी ताकद नसेल का? मुलगी माझी, हुंडा हवा तर तुम्ही ठेवून घ्या.

लेकाने म्हातारपणी सांगितलेली गोष्ट आहे, थोडं मीठमसाला लावला असेल. चेल्लिनीला तशी सवयच होती. पण बापाबद्दल सांगताना त्याला ही गोष्ट अभिमानाची वाटली, हेही काही कमी नाही.

लग्नाला अठरा वर्षं झाली तरी घरात मूल नव्हतं. मग दोन मुलगे पोटातच गेले, चेल्लिनी म्हणतो वैद्यांच्या अडाणीपणामुळे. त्यानंतर एक मुलगी झाली. तिला वडिलांच्या आईचं नाव दिलं, कोझा. दोन वर्षांनी एलिझाबेत्ताला पुन्हा दिवस गेले. या खेपेला तिचे डोहाळे अगदी पहिल्या मुलीच्या वेळेसारखेच, त्यामुळे सगळ्यांनी धरून ठेवलं की मुलगीच होणार. (डोहाळ्यांवरून मुलगा-मुलगी ओळखणाऱ्या काकू-मावश्या सगळ्या देशांत एकसारख्याच!) नावही ठरलं. आईच्या आईचं, रेपाराता. घरात कुणाचं तोंड वाकडं झालं असा उल्लेख नाही. मुलगी येणार, आजीचं नाव लावायचं, बस्स.

त्या रात्री सुईण बाळाला न्हाऊमाखू घालून, पांढऱ्याशुभ्र कापडात गुंडाळून बाहेर आली. जोवान्नी येरझारा घालत होता. सुईण मुलगा की मुलगी काही बोलली नाही. तुम्हाला वाटलं नव्हतं अशी एक सुंदर भेट आणलीय, एवढंच म्हणाली. जोवान्नी म्हणाला, देव जे देईल ते मला आवडतंच. मग कापड बाजूला करून पाहिलं तर मुलगा. त्याने हात जोडले, वर बघितलं आणि जे म्हणाला त्याचा मतलब हा, की आला ना, बरं झालं, स्वागत असो. भोवतालचे विचारू लागले, नाव काय ठेवायचं? त्यावर त्याचं पुन्हा तेच उत्तर. ‘बेनवेनुतो’. तेच नाव पडलं.

या प्रसंगात मला दोन गोष्टी थांबवतात. पहिली, जोवान्नीचं पहिलं उत्तर. देव देईल ते आवडतं, हे तो कापड उघडण्यापूर्वी म्हणाला. तोवर त्याच्या हिशेबाने आत मुलगीच होती. म्हणजे हे स्वागत मुलग्यासाठी राखून ठेवलेलं नव्हतं. रेपारातासाठी मांडलेल्या पाटावर बेनवेनुतो येऊन बसला, इतकंच. दुसरी गोष्ट, या सगळ्या प्रसंगात बाळंतिणीचा एकही शब्द नाही. अठरा वर्षांची वाट, दोन गेलेले जीव, आणि ती भिंतीपलीकडे. हात जोडले ते बापाने, नाव ठेवलं ते बापाने. मला एलिझाबेत्ता काय म्हणाली ते ऐकायला आवडलं असतं.

पुढे हा स्वागताचा मुलगा काय झाला? बापाला वाटत होतं पोराने बासरी वाजवावी, मोठा वादक व्हावं. पोराला बासरीचा मनापासून तिटकारा. पंधराव्या वर्षी बापाची इच्छा मोडून तो सोनाराकडे कामाला राहिला. हातात जादू होती. फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्सिस याच्यासाठी त्याने घडवलेलं सोन्याचं मिठाचं भांडं आज व्हिएन्नाच्या संग्रहालयात आहे. ते 2003 मध्ये चोरीला गेलं आणि 2006 मध्ये जंगलात पुरलेलं सापडलं. फ्लॉरेन्सच्या चौकात मेदुसाचं मुंडकं हातात धरून उभा असलेला पर्सियसचा ब्राँझचा पुतळा त्याचाच. 1554 मध्ये तो लोकांसमोर आला. पर्सियसच्या छातीवरच्या पट्ट्यावर याने स्वतःचं नाव कोरून ठेवलंय, अगदी दिसेल असं.

आणि याच हातांनी त्याने माणसंही मारली. भावाला मारणाऱ्याला मारलं, एका स्पर्धक सोनाराला मारलं, दोन्ही स्वतःच सांगतो. पॅरिसमध्ये त्याच्यासमोर मॉडेल म्हणून उभ्या राहणाऱ्या मुलीला त्याने बडवलं, तेही सांगतो आणि त्यात त्याला काही लाज वाटलेली दिसत नाही.

पण मला सगळ्यात जास्त लागलं ते दुसरंच. फ्रान्समध्ये असताना एका पंधरा-एक वर्षांच्या गरीब मुलीपासून त्याला 1544 मध्ये मुलगी झाली. त्याने तिचं नाव कोस्तान्झा ठेवलं, म्हणजे स्थिरता, निष्ठा. नाव किती चांगलं! आणि पुढच्या दोन-तीन ओळींत तो सांगून टाकतो की मुलीच्या हुंड्यापुरते पैसे तिच्या एका आत्या-मावशीच्या हवाली केले आणि त्यानंतर आपला तिच्याशी काही संबंध राहिला नाही. संपलं. आपल्या आत्मचरित्रात एकेका पदकाची घडण पानापानांनी सांगणारा हा माणूस, पहिल्या लेकरासाठी दोन-तीन ओळी. ज्याच्या बापाने हुंडा झिडकारून बायको आणली आणि कापड उघडायच्या आधीच मुलाला आपलं म्हटलं, त्या बापाचा हा बेनवेनुतो! म्हणूनच नावाचा अर्थ विचारणाऱ्यांना मला सांगावंसं वाटतं की कोस्तान्झाचा अर्थ शब्दकोशात बघितलात तर तुम्हाला त्या पोरीबद्दल काहीही कळणार नाही.

सगळे बेनवेनुतो असे नव्हेत, हेही सांगायला हवं. इटलीत या नावाचं लाडाचं रूप आहे ‘नुतो’. नुतो रेव्हेल्ली या लेखकाचं पाळण्यातलं नाव बेनवेनुतोच. उत्तरेकडच्या कुनेओ गावचा, 1919 चा जन्म, 2004 मध्ये गेला. दुसऱ्या महायुद्धात रशियाच्या बर्फातून पायी माघारी आलेल्या इटालियन सैन्यात तो होता. पुढे फॅसिस्टांविरुद्ध लढला, आणि नंतर लोखंडाचा व्यापार करता करता खेडोपाडी फिरून गरीब शेतकऱ्यांचं बोलणं टेप करत राहिला. आधीचं पुस्तक झाल्यावर तो बायकांकडे वळला. त्यांच्या तोंडून ऐकलेल्या आयुष्यांचं पुस्तक 1985 मध्ये आलं. नाव होतं ‘मजबूत कडी’ या अर्थाचं. डोंगराळ भागात बायको मिळेना म्हणून मध्यस्थांमार्फत दूर दक्षिणेच्या कालाब्रियातून लग्न करून आणलेल्या मुली, परका मुलूख, परकी बोली, सासूचा कारभार. हे वाचताना आपल्याच जिल्ह्यांत मध्यस्थांनी लांबून आणलेल्या सुना डोळ्यांसमोर येतात. या बेनवेनुतोने स्वतःचं सांगण्याऐवजी त्या बायकांचं ऐकून घेतलं. मला तर हाच जास्त आवडतो.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं मुलाच्या नावाचं. मुलीचं काय? तर या नावाला स्त्रीलिंगही आहे, बेनवेनुता. आणि त्याची गोष्ट चेल्लिनीच्याही अडीचशे वर्षं आधीची. इटलीच्या ईशान्य टोकाला चिव्हिदाले नावाचं गाव आहे. तिथे बोयानी घराण्यात 1254 च्या सुमारास एक मूल जन्माला आलं. घरात आधी सहा मुली. बापाला अर्थातच मुलाची आस. बाळ जन्मलं आणि आतल्या बायका गप्प झाल्या. बाहेर येऊन सांगायचं कुणाला धाडस होईना. त्या गप्प राहण्यावरूनच बापाला कळलं की सातवीही मुलगीच. आणि तो म्हणाला, तिचंही स्वागत असो. म्हणून ती बेनवेनुता. पुढे ती व्रतस्थ राहिली, लहानपणीच अंगाला दोर आवळून घेण्यासारखे क्लेश तिने स्वतःला करून घेतले, आजारात वर्षं काढली, 1292 मध्ये गेली. चर्चने तिला धन्य मानलं म्हणून तर ही जन्माची गोष्ट टिकली.

संतांच्या गोष्टी भाविकांनी सांगितलेल्या असतात, अक्षरशः तसंच घडलं असेल असं मी म्हणणार नाही. पण ‘तिचंही’ या शब्दातला ‘ही’ मला खरा वाटतो. त्यात बापाने गिळलेला आवंढा ऐकू येतो. तो खूश झाला असं गोष्ट म्हणत नाही. त्याला मुलगा हवा होता, तो झाला नाही, आणि तरी त्याने आवंढा गिळून ते वाक्य उच्चारलं, तेही मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं. चेल्लिनीच्या बापाचं स्वागत सोपं होतं, अठरा वर्षं वाट पाहिल्यावर मुलगा झाला तर कोण खूश होणार नाही? माझ्या लेखी या सात मुलींच्या बापाच्या स्वागताची किंमत जास्त.

इटलीत काही सगळ्याच मुलींच्या नशिबी असे बाप नव्हते. त्याच फ्लॉरेन्समध्ये, चेल्लिनीच्या जन्माआधी, एक मोठी संस्था उभी राहिली होती, टाकून दिलेल्या मुलांसाठीचं घर. नाव ‘इन्नोचेंती’, म्हणजे निष्पाप बालकं. रेशीम व्यापाऱ्यांच्या संघाने पैसे घातले, ब्रुनेलेस्की या थोर वास्तुकाराने 1419 मध्ये आराखडा करून काम सुरू केलं आणि 1445 च्या फेब्रुवारीत पहिलं बाळ आलं. मुलगी. संत आगाताच्या दिवशी आली म्हणून नाव आगाता. सुरुवातीच्या काळात तिथे येणाऱ्या बाळांत मुलींची संख्या मुलांपेक्षा जास्त होती. इमारतीच्या दर्शनी कमानींच्या वर कापडात गुंडाळलेल्या बाळांच्या निळ्यापांढऱ्या गोल मूर्ती आहेत. संग्रहालयात आया मागे ठेवून गेलेल्या खुणा जपल्यात. अर्धं तोडलेलं पदक, अर्धं नाणं. उरलेला अर्धा भाग आईकडे. परत न्यायला येता आलं तर जुळवून बघायचा. मूल ठेवायची ती व्यवस्था 1875 मध्ये बंद झाली, पण इन्नोचेंती हे आडनाव राहिलं. नेपल्समध्ये अशा मुलांचं आडनाव असायचं एस्पोझितो, म्हणजे उघड्यावर ठेवलेला. आज इटलीत हजारो माणसं हे आडनाव अगदी सहज मिरवतात, पण एके काळी तो कपाळावरचा डाग होता.

म्हणून इटलीचा एक नियम मला फार आवडतो. 2000 च्या नावनोंदणीच्या कायद्यात स्पष्ट म्हटलंय की मुलाला हास्यास्पद किंवा लाज वाटावी असं नाव ठेवता येणार नाही. आणि ज्याचे आईबाप माहीत नाहीत त्या मुलाला ती गोष्ट उघड करणारं नाव किंवा आडनाव देता येणार नाही. हा नियम नुसता कागदावर नाही. मुलाचं नाव ‘व्हेनेर्दी’, म्हणजे शुक्रवार, ठेवणाऱ्या एका जोडप्याला जेनोआच्या कोर्टाने 2007 मध्ये अडवलं आणि ज्या संताच्या दिवशी मूल जन्मलं त्याचं नाव लावायला सांगितलं. शुक्रवारपुरतं कोर्टात जाणं मला जरा अतीच वाटलं. आपल्याकडे मंगळवारी जन्मला म्हणून मंगळ्या आणि सोमवारी जन्मला म्हणून सोमा, कुणाचं काही बिघडलं नाही! पण लाज वाटेल असं नाव मुलावर लादायचा हक्क आईबापांनाही नाही, हे कायद्याने म्हणणं मोलाचं आहे.

कारण आपल्या महाराष्ट्रात बेनवेनुताच्या बरोबर उलटं नाव आहे. नकुसा. नकोशी. एकामागून एक मुली झाल्या की पुढचीला हे नाव ठेवायचं, म्हणजे देवाला कळेल आणि त्यानंतर मुलगा होईल, अशी समजूत. आपल्याकडे मुलांनाही ओबडधोबड नावं होती, दगडू, धोंडू, केरू, भिकू. पण ती मूल जगावं म्हणून. दृष्ट लागू नये, मरणाने त्याच्याकडे बघू नये म्हणून मायेने फासलेली काजळी ती. नकुशीत ती माया नाही. ते नाव त्या मुलीशी बोलतच नाही, तिच्या मागून येणाऱ्या भावाशी बोलतं. 2011 च्या ऑक्टोबरमध्ये सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेने अशा अडीचशेहून अधिक मुलींची नावं समारंभाने बदलली. काहींनी नटींची नावं घेतली, काहींनी देवींची. चांगलंच झालं. शाळेच्या हजेरीत रोज ‘नकोशी’ म्हटल्यावर ‘हजर’ म्हणायचं, विचार करा!

एका बचत गटात मला या नावाची पन्नाशीची बाई भेटली होती. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने नवऱ्याने नवं नाव लिहिलं तेव्हा तिचं जुनं नाव सुटलं. इतर बायका म्हणतात लग्नात नाव बदलणं म्हणजे स्वतःला पुसणं, आणि मीही तेच म्हणत आले. ही म्हणाली, "ताई, मला तर त्या तांदळातच पहिल्यांदा नाव मिळालं." आमच्या भाषणांना असे अपवाद भेटतात. पण तिच्या बँकेच्या कागदावर शाळेच्या दाखल्यामुळे पुन्हा नकुसाच आलं होतं आणि ते बदलायला तिने दोन वर्षं हेलपाटे घातले.

नाव बदलता येतं, पण मला जास्त काळजी आहे ती त्याच्या आधीच्या दहा मिनिटांची. बघा, युरोपात आता सोनोग्राफीत आधीच सांगतात, त्यामुळे बाळंतपणाच्या खोलीबाहेर कुणी येरझारा घालत ‘काय असेल’ म्हणून ताटकळत नाही. आपल्याकडे 1994 च्या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याने ते सांगायला बंदी आहे, आणि ती हवीच. पण त्यामुळे जोवान्नीच्या दारातली ती घडी आपल्याकडे अजून जिवंत आहे. दार उघडतं, दुपट्यातलं बाळ बाहेर येतं, आणि सगळे एकदम विचारतात, "काय झालं?" त्यानंतर जे काही बोललं जातं ते त्या बाळाचं खरं पहिलं नाव. मी सरकारी आणि खाजगी दोन्ही दवाखान्यांच्या बाकांवर बसून ती नावं ऐकलीत. "मुलगीच का?" "असू दे, सुखरूप सुटली ना." "पहिलीच आहे, चालतंय." एका ठिकाणी मावशीबाईंनी मुलग्याच्या बापाकडून पाचशे मागितले आणि मुलीच्या बापाकडे हातच पसरला नाही, वर दयेने बघितलं. पेढे आणि बर्फीची वाटणी तर आपण सणासारखी पाळतो. आणि हे सगळं आत टाके घालून घेणाऱ्या बाईला पडद्याआडून ऐकू येत असतं. तिने विचारलेलं नसतं, तरी तिला निकाल कळतो.

"लक्ष्मी आली" हे वाक्यही मला आताशा ऐकवत नाही. मुलगा झाला तर कुणी "कुबेर आला" म्हणत नाही. समजूत घालायचीच असेल तिथे लक्ष्मीला बोलावतात.

आमच्या तालुक्यातल्या एका आशाताईंनी यावर आपला उपाय काढलाय. त्यांनी चेल्लिनी वाचलेला नाही, पण त्या सुईणीच्याच वळणाने जातात. बाळ घेऊन दारात आल्या आणि "काय झालं?" आलं की त्या म्हणतात, "बाळ-बाळंतीण दोघं बरी आहेत. आधी घ्या तर खरं," आणि दुपटं बापाच्या हातात देतात. बहुतेक बापांनी तोवर आयुष्यात एवढं लहान मूल धरलेलं नसतं. ते घाबरून दोन्ही हात पुढे करतात. मान सांभाळ, खाली बस, हात असा धर, यात दोन-तीन मिनिटं जातात. सासू कोपर मारून विचारत असते, पण त्याचं लक्ष नसतं. मग त्या सांगतात. गेल्या महिन्यात तिसऱ्या मुलीच्या बापाला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "असं का," आणि पुन्हा दुपट्यात बघू लागला. बाळाने त्याचं बोट धरलं होतं.